डोंगराचं बारसं करायचा हक्क कुणाचा?

महाबळेश्वरच्या पॉइंट्सची इंग्रजी नावं बदला, ही मागणी अधूनमधून वर येते, चार दिवस तावातावाने भांडण होतं आणि मग सगळे परत स्ट्रॉबेरी क्रीम खायला मोकळे. भांडण ठरलेलं असतं. एक बाजू म्हणते गुलामीच्या खुणा पुसा, हा लॉडविक आमचा कोण लागतो, आर्थरची सीट आम्ही कशाला मिरवायची. दुसरी बाजू म्हणते नावं बदलली की इतिहास पुसला जातो, आणि नाव बदलून रस्त्यातले खड्डे बुजणार आहेत का. दोघंही एकमेकांना मूर्ख ठरवतात पण दोघांनी एक गोष्ट न बोलताच मान्य केलेली असते, की डोंगराला नाव हे वरून कुणीतरी द्यायचं असतं, वाद फक्त कुणाचं द्यायचं एवढाच. मला तीच गोष्ट मान्य नाही. नदी, डोंगर, बेट, घाट ही मानसन्मान वाटायची ठिकाणं नाहीत. तिथे राहणाऱ्या, गुरं चारणाऱ्या, मासे धरणाऱ्या माणसांना रोज एकमेकांना काहीतरी सांगायचं असतं म्हणून ती नावं पडलेली असतात. सरकारचं काम एवढंच, की आधी कुठलं नाव आहे ते विचारायचं आणि नीट लिहून घ्यायचं. आणि माणसांची नावं, मग तो गोरा जनरल असो नाहीतर आपला लाडका नेता, निसर्गाला चिकटवूच नयेत.

महाबळेश्वरचंच उदाहरण घ्या. तिथला सगळ्यात उंच भाग म्हणजे विल्सन पॉइंट. लेस्ली विल्सन हा १९२० च्या दशकातला मुंबईचा गव्हर्नर. त्याच्या आधी त्या टेकाडाला सिंदोळा म्हणायचे. आणि आज तिथे पहाटे कुडकुडत जाणारे टुरिस्ट काय म्हणतात? सनराइज पॉइंट. म्हणजे सिंदोळा गेला, विल्सन निम्मा गेला आणि टॅक्सीवाल्याच्या रेटकार्डवरचं नाव जिंकलं, यात कुठल्या स्वातंत्र्यसैनिकाचा किंवा कुठल्या व्हाइसरॉयचा काही हात नाही. लॉडविक पॉइंटची गंमत तर आणखीनच वेगळी, तो आधी सिडनी पॉइंट होता. इंग्रजांनी आपल्याच साहेबाचं नाव काढून दुसऱ्या साहेबाचं लावलं, १८२४ मध्ये जनरल लॉडविक ही डोंगरधार चढून वर आला म्हणून. चढून आला म्हणजे काय, जावळीच्या खोऱ्यातली माणसं काय तोपर्यंत उडत येत होती का? गावाला सुद्धा मालकम साहेबाच्या नावावरून मालकम पेठ म्हणायचे. आज तुम्ही कुणाला "शनिवार-रविवार मालकम पेठेला चाललोय" असं म्हणताना ऐकलंय? त्यासाठी ना मोर्चा निघाला ना पाट्यांना काळं फासलं गेलं.

या सगळ्या प्रकाराची मोठी आवृत्ती म्हणजे एव्हरेस्ट. राधानाथ सिकदरांनी १८५२ च्या सुमारास गणित मांडून दाखवलं की सर्व्हेच्या यादीतलं 'पीक पंधरा' हे जगातलं सगळ्यात उंच शिखर आहे, हे आपल्याला शाळेपासून माहिती असतं. पण नावाचा किस्सा फार कुणी सांगत नाही. इंग्रजांच्या भारतातल्या सर्व्हेचा प्रमुख अँड्र्यू वॉ याने १८५६ मध्ये आपल्या आधीच्या साहेबाचं, जॉर्ज एव्हरेस्टचं नाव सुचवलं. कारण काय दिलं, तर स्थानिक नाव सापडत नाही. आता नेपाळ बंद, तिबेट बंद, हे लोक डोंगरापासून दीड-दोनशे किलोमीटर लांब तराईच्या बाजूला दुर्बीण लावून बसलेले, मग नाव सापडणार कसं? सर्व्हेचा रिवाज स्थानिक नाव लिहायचा होता, आणि खुद्द एव्हरेस्ट साहेबाने आक्षेप घेतला की माझं नाव इथल्या लोकांना उच्चारता येणार नाही, हिंदी-फारसीत लिहिताही येणार नाही. तरी १८६५ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ते पक्कं करून टाकलं. आणि चोमोलुंग्मा हे तिबेटी नाव? ते तर १७३३ च्या फ्रेंच नकाशावर छापलेलं होतं, वॉच्या शंभराहून जास्त वर्षं आधी! स्पेलिंग वेडंवाकडं, पण होतं. नाव नव्हतं असं नाही, विचारायला कुणी गेलं नव्हतं एवढंच. बरं पुढे नेपाळने अधिकृत केलेलं सगरमाथा हे नाव तरी शेर्पांच्या तोंडातलं होतं का? तेही विसाव्या शतकात बाबुराम आचार्य या इतिहासकारांनी पुढे आणलेलं. पायथ्याशी राहणारे शेर्पा चोमोलुंग्माच म्हणतात. म्हणजे लंडनने एक नाव लावलं, काठमांडूने दुसरं, आणि शेर्पांच्या नामचे बाजारला कुणी विचारलं नाही.

हे मी एवढं लांबण लावून सांगतोय कारण "स्थानिक नाव सापडत नाही" हे वॉचं वाक्य आपण आजही वापरतो. २३ जानेवारी २०२३ ला अंदमान निकोबारमधल्या २१ मोठ्या 'अनाम' बेटांना परमवीर चक्र विजेत्यांची नावं दिली गेली. त्यात आपले रामा राघोबा राणे पण आहेत आणि पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल पण. त्या २१ जणांपैकी एकाच्याही शौर्याबद्दल चकार शब्द काढायची माझी लायकी नाही आणि अशा वेळी हात आखडता घेणारा माणूस कृतघ्न दिसतो हे मला कळतं. माझ्या बाजूला सगळ्यात अवघड जाणारं उदाहरण हेच. पण अनाम कुणासाठी? त्या द्वीपसमूहात माणसं हजारो वर्षं राहतायत, होड्या घेऊन फिरतायत, शिकार करतायत. त्यांनी एकमेकांना "त्या तिकडच्या त्या बेटावर" असं हात करून सांगितलं असेल का एवढी वर्षं? सरकारी कागदावर नाव नसणं आणि नाव नसणं यात फरक आहे. अंदमानातली बो ही भाषा बोलणारी शेवटची बाई, बोआ सीनियर, २०१० मध्ये गेली. तिच्याबरोबर किती खाड्यांची, किती किनाऱ्यांची नावं गेली असतील याचा हिशोब कुठल्या कार्यालयात आहे? परमवीरांची नावं आपण एखाद्या बंदराला, जहाजाला, सैनिकी शाळेला, विमानतळाला अभिमानाने द्यावीत, त्या माणसांनी बांधलेल्या गोष्टी आहेत, तिथे आपला हक्क पोचतो.

आता इथे कुणीतरी म्हणणारच, आणि बरोबर म्हणणार, की अहो शिवाजी महाराजांनी नावं बदलली नाहीत का? बदलली की. रायरीचा रायगड झाला, मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड बांधला. राज्यव्यवहारातले फारसी शब्द काढून संस्कृत शब्द घालायला कोश करवून घेतला, म्हणजे नावाची ताकद त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होती. पण नीट बघा महाराजांनी कशाची नावं बदलली. किल्ल्यांची. तट बांधला, बुरूज बांधले, शिबंदी ठेवली, तिथे स्वतःच्या राज्याचं नाव लावलं. राजगडाच्या पायथ्याची गुंजवणी गुंजवणीच राहिली, कानंदी कानंदीच राहिली. उलट मावळातले कितीतरी मुलखाचे भाग बघा, पवन मावळ, आंदर मावळ, गुंजण मावळ, मुठे खोरं, मोसे खोरं, कारभाराची नावंच नदीवरून घेतलेली. नदीने राज्याला नाव दिलंय, राज्याने नदीला नाही. आणि अजून एक. तोरण्याला महाराजांनी प्रचंडगड नाव दिलं. महाराजांनी स्वतः! तरी आज वेल्ह्याला उतरून "प्रचंडगडाला कसं जायचं" विचारा, लोक समजतील पण तुमच्याकडे जरा बघत राहतील. औरंगजेबाने तर सपाटाच लावला होता, सिंहगडाचा बक्षिंदाबक्ष, साताऱ्याचा आझमतारा, तोरण्याचा फुतुहुल्घैब. किती टिकली? जिंकलेल्याचंही नाव टिकत नाही आणि आपल्या सगळ्यांच्या लाडक्या राजाचंही दरवेळी टिकतंच असं नाही. लोकांच्या जिभेवर कुणाचंच राज्य चालत नाही.

पटत नसेल तर आपली धरणं बघा. जायकवाडीच्या जलाशयाचं नाव नाथसागर, कोयनेचा शिवसागर, उजनीचा यशवंतसागर, पानशेतचा तानाजीसागर. भंडारदऱ्याचं तर धरण त्याच त्या विल्सनच्या नावाने आणि जलाशय आर्थर लेक. धरण बांधलेलं असतं तेव्हा नाव द्यायला माझी काही हरकत नाही. पण भिगवणला फ्लेमिंगो बघून आलेला एक माणूस दाखवा जो म्हणतो मी यशवंतसागरावर गेलो होतो. उजनीचं बॅकवॉटर, संपलं. नाथसागर तेवढा थोडाफार चालतो, पैठण नाथांचंच असल्यामुळे. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसांची नावं देऊन झालं काय, तर उद्घाटनाच्या कोनशिलेवर ती राहिली, आणि ज्यांच्या सन्मानासाठी दिली त्यांचं नाव लोक घेतच नाहीत. हा सन्मान कसला?

जुनी नावं राखा म्हणणाऱ्यांकडेही एक वजनदार मुद्दा आहे, फक्त ते तो मांडत नाहीत, उगाच इतिहास पुसला इतिहास पुसला करत बसतात. इतिहास गॅझेटिअरमध्ये असतो, पाटी बदलल्याने तो कुठे जात नाही. खरा मुद्दा असा की दीडशे-दोनशे वर्षं वापरलेलं नाव हे आता तिथल्याच लोकांचं झालेलं असतं. घोडेवाला, गाइड, मक्याचं कणीस भाजणारी मावशी, यांच्या तोंडी केट्स पॉइंट आणि लॉडविक इतके रुळलेत की ते त्यांच्यासाठी परके उरलेच नाहीत. के-टू शिखराचंही तेच झालं. १८५६ मध्ये सर्व्हेच्या माँटगोमेरीने वहीत काराकोरमच्या शिखरांना के-वन, के-टू असे नंबर टाकले. के-वनला मशेरब्रुम हे स्थानिक नाव मिळालं, के-टू मात्र इतकं आत दडलेलं की नंबरच राहिला, आणि आज तिथले बाल्टी लोकही त्याला केटू, केचू म्हणतात. (आपल्याकडे पुण्याच्या ट्रेकरांनी कात्रज ते सिंहगडला के-टू-एस केलं ते वेगळंच.) मग हे नाव परकं की स्थानिक? माझ्या हिशोबाने स्थानिक. ज्याला रोज घ्यावं लागतं त्याने घेतलं, विषय संपला. म्हणून लॉडविकची पाटी उखडा असं मी म्हणत नाही. त्या जागी आणखी एका थोर पुरुषाचं नाव लावा असं तर अजिबातच म्हणत नाही. खंडाळ्याला ड्यूक्स नोज आहे, वेलिंग्टनच्या नाकावरून. त्याच सुळक्याला नागफणी पण म्हणतात. दोन्ही नावं शेजारी शेजारी सुखाने नांदतायत. पाटीवर नागफणी आधी, मोठ्या अक्षरात आणि ड्यूकचं नाक खाली, एवढं केलं की पुरे. ऑस्ट्रेलियाने एअर्स रॉक या आपल्या प्रचंड खडकाचं १९९३ मध्ये असंच जोडनाव केलं, एअर्स रॉक / उलुरू, आणि २००२ मध्ये क्रम उलटा करून उलुरू पुढे आणलं. आभाळ कोसळलं नाही.

यावर अधिकारी मंडळींचा आक्षेप येतो की स्थानिक नाव म्हणजे नक्की कुठलं? डोंगराच्या या अंगाचं गाव एक म्हणतं, त्या अंगाचं दुसरं. नकाशावर एकच नाव पाहिजे, नाहीतर पूर आला, माणूस हरवला, पाण्याचा तंटा झाला तर घोळ होईल. आक्षेप खोटा नाही, रेस्क्यूवाल्या पोरांना विचारा. पण अनेक नावांची सवय नदीकाठच्या माणसाला कायमची आहे. भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते, तेवढ्या वाकणापुरती, आणि पुढे परत भीमा. नाशिकपासून मराठवाड्यापर्यंत गोदावरीला सरळ गंगा म्हणतात, गंगाखेड गंगापूर त्याच गंगेवरून, गंगथडी पण तीच. म्हादई खाली पणजीपर्यंत जाईतो मांडवी होते, वर कर्नाटकात ती महादायी, आणि लवादाच्या कागदावरही महादायी. तीन नावांमुळे पाण्याचं भांडण ना वाढलं ना कमी झालं, भांडण पाण्याचंच होतं. मुळा तर दोन आहेत, एक पुण्यातली एक नगरकडची, पूर्णाही दोन. नकाशाला एक मुख्य नाव लागतं हे मान्य, बाकीची कंसात लिहा की. कागद काय कमी पडणार आहे?

एका बाबतीत मात्र मी बदलाच्या बाजूने बिनशर्त आहे. ज्या नावाने तिथे राहणाऱ्याचाच अपमान होतो ते गेलं पाहिजे, तिथे जुनं आहे, रुळलेलं आहे वगैरे काही ऐकून घ्यायचं कारण नाही. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचा निर्णय घेतला तो योग्यच होता. अमेरिकेने २०२२ मध्ये आदिवासी स्त्रियांसाठीची शिवी असलेली सहाशेच्या वर डोंगर-ओढ्यांची नावं बदलली, तेही योग्यच. यात माझ्या मुद्द्याला धक्का बसत नाही, कारण मागणी त्या नावाचं ओझं वाहणाऱ्यांची होती. सिंदोळ्याचा विल्सन करायला कुणी मागितलं होतं?

आणि इंग्रजांना शिव्या देताना आपण स्वतः काय करतोय तेही बघावं. ताम्हिणीत प्लस व्हॅली झाली, कुठल्या तरी वळणाला सीक्रेट पॉइंट झाला जिथे रविवारी गाडी लावायला जागा नसते, नाणेघाटाशेजारी रिव्हर्स वॉटरफॉल. रीलमध्ये एकदा पडलं की मॅपवर पडतं आणि मॅपवर पडलं की गावातली पोरंही टुरिस्टशी बोलताना तेच वापरतात, गिऱ्हाईक तेच विचारत येतं ना. वॉला निदान नेपाळबंदीची सबब होती, आपल्याला पायथ्याच्या घरात चहा पिताना विचारायला काय होतं? रायलिंगच्या पठारावर उभं राहिलं की समोर लिंगाणा, त्याच्यामागे रायगड, आणि मोबाईलवर त्या आख्ख्या कड्यावर दोन-तीन नावं. मोहरी गावातला एक म्हातारा आमच्याबरोबर होता, त्याने कमरेवर हात ठेवून जी यादी सुरू केली ती थांबेना. ही बोराट्याची नाळ, तिकडं सिंगापूरची, ती आग्या नाळ, मग मधल्या एकेका टप्प्याची, एका झाडाची, पाणी टिकतं त्या डबक्याची नावं. आमच्यातला एक जण म्हणाला एवढ्याशा घळीला पण नाव आहे होय. तर तो म्हणाला, "नाव नसंल तर ढोरं कुठं गेली ते घरी सांगायचं कसं, पाव्हणं?" त्या नावांत मालही असतो. नाळ म्हटलं की कडा फोडून उतरणारी दगडगोट्यांची घळ, पावसाळ्यात तिथे जायचं नाही. हरिश्चंद्रगडाची माकडनाळ नावातच सांगते की हाताचा वापर करावा लागेल. तिला उद्या कुणाचं स्मृतिनाम दिलं तर ही सूचना कोण देणार?

नाव वरून दिल्याने काय होतं ते अमेरिकेने अलीकडेच परत करून दाखवलं. अलास्कातल्या ६१९० मीटरच्या डोंगराला तिथले आदिवासी डेनाली म्हणायचे. १८९६ मध्ये सोनं शोधत फिरणाऱ्या एकाने आपल्या आवडत्या राजकारण्याचं नाव ठोकून दिलं, मॅकिन्ली, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि ज्याने अलास्कात कधी पाऊल ठेवलं नाही. १९१७ मध्ये ते सरकारी झालं. १९७५ मध्ये अलास्का राज्याने डेनाली परत मागितलं तर मॅकिन्लीच्या ओहायोतला एक खासदार दशकानुदशकं ते अडवून बसला. २०१५ मध्ये ओबामांनी डेनाली केलं, जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पनी परत मॅकिन्ली केलं. आणि अलास्काच्या विधिमंडळाने, जिथे ट्रम्पच्याच पक्षाचे भरपूर लोक आहेत, ठराव करून सांगितलं की डेनालीच ठेवा. तिथल्या लोकांसाठी हा डावा-उजवा प्रश्नच नव्हता, पाच हजार किलोमीटरवरचा माणूस आमच्या डोंगराला काय म्हणतो याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही एवढंच त्यांचं म्हणणं.

हेच आपण चीनला सांगतो. २०१७ पासून चीन अरुणाचलमधल्या गावांना, डोंगरांना, नद्यांना चिनी नावं देऊन याद्या काढतोय, २०२४ च्या एकाच यादीत तीस नावं होती, आणि दरवेळी आपलं परराष्ट्र खातं उत्तर देतं की मनाने नावं रचल्याने वस्तुस्थिती बदलत नाही. अगदी बरोबर उत्तर आहे. फक्त ते दिल्लीहून बीजिंगला जाताना जेवढं खरं असतं तेवढंच मुंबईहून महाबळेश्वरला जातानाही असतं. पुढच्या वेळी पॉइंट्सच्या नामांतराची समिती बसलीच तर तिने पहिले सहा महिने कुठल्याच महापुरुषाचं नाव काढू नये, जावळी आणि कोयनेच्या खोऱ्यातल्या सत्तरीपुढच्या गुराख्यांकडे वही घेऊन बसावं. गुरं आता कमी झाली आहेत आणि पोरं मुंबईला आहेत, त्यामुळे घाई करावी लागेल.